आधी अंगठा, मग पाटी

झाडे सर पेशंटच्या पाया पडतात, ही बातमी आमच्या दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवरून निघाली आणि थेट आष्टीपर्यंत पोचली. बातमी पसरवणाऱ्यांचा काही दोष नव्हता. आयसीयूच्या दाराला एक गोल काच होती आणि बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांना त्या काचेतून जे दिसायचं ते असंच दिसायचं. एवढा मोठा डॉक्टर, डोक्याचे केस पांढरे, आत शिरतो, पेशंटच्या उशाशी न जाता पायथ्याशी जातो, चादर वर करतो आणि वाकून दोन्ही हातांनी पाय धरतो. आतल्या एखाद्या म्हाताऱ्याचा मुलगा बाहेर गहिवरायचा. एका सासूबाईंनी तेवढी हरकत घेतली होती. आत त्यांची सून होती आणि डॉक्टर तिच्या पाया पडले हे त्यांना रीतीला धरून वाटलं नाही. सर बाहेर आल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "पडाचंच हाये तं पयले माह्या पडा. मी मोठी हावो."

सर त्यांच्याही पाया पडले. मग म्हणाले, "तुमचे गरम हायेत. काई काळजी नाई."

खरी गोष्ट अशी की सर पायाचा अंगठा पाहायचे. शरीरात रक्त नीट फिरेनासं झालं की हातापायांची टोकं आधी गार पडतात, हे वैद्यकाच्या पुस्तकात आहेच. सरांनी त्याचं आमच्या जिल्ह्याच्या भाषेत रूपांतर केलं होतं. नवीन डॉक्टर आला की ते त्याला खाटेच्या पायथ्याशी उभं करायचे आणि सांगायचे, "अंगठा म्हंजे आपली आष्टी. वर नागपुरात वीज कमी पडली का पयले आष्टीची लाइन जाते. नागपुरात दिवे चालू दिसतात म्हनून सारं ठीक हाये असं समजू नको. आधी आष्टीले फोन लाव." सर स्वतः आष्टीकडचे असल्यामुळे या उदाहरणात अनुभवाचा भाग बराच होता.

मी त्या दवाखान्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागात होतो. म्हणजे तो विभाग मीच होतो. सेलू आणि वर्ध्याच्या मधल्या रस्त्यावर एका ट्रस्टचा हा दवाखाना. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण ते अध्यक्षांच्या वडिलांचं आहे आणि त्या बिचाऱ्या वडिलांनी कुणाचं काही बिघडवलेलं नव्हतं. सर मला 'बटनवाले' म्हणायचे. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही याची मला शंका आहे, पण मी पोहे खातो की उपमा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

सरांच्या बोलण्याचा एक नियम होता आणि तो सगळ्या दवाखान्याला पाठ होता. सर वऱ्हाडीत बोलत असले की सगळं क्षेमकुशल. पेशंटशी वऱ्हाडी, सिस्टरांशी वऱ्हाडी, बंद पडलेल्या प्रिंटरशी तर फारच अस्सल वऱ्हाडी. पण सर चिडले की त्यांच्या तोंडून एकदम शाळेच्या पुस्तकातलं मराठी यायचं. आवाज खाली यायचा, क्रियापदं ताठ उभी राहायची आणि समोरचा 'तू'चा 'आपण' व्हायचा. "आपण हे औषध कोणत्या विचाराने दिलेत, हे मला कळू शकेल काय?" असं सर म्हणाले की तो डॉक्टर त्या दिवशी जेवत नसे. आयसीयूच्या इन्चार्ज वंदना सिस्टर आत येणाऱ्याला दारातच खबर द्यायच्या. "आज 'हाये' चालू आहे," किंवा "जपून, 'आहे' सुरू झालंय."

संगणक दवाखान्यात आणला तो सरांनीच. यंत्राची हौस होती म्हणून नाही. संगणक यायच्या आधी आमच्याकडे एक कॉलेजातली मुलगी आयसीयूत होती. तिच्या रक्तात पोटॅशियम भलतंच वाढलं होतं आणि तसा रिपोर्ट लॅबमधून वर आलाही होता. तो आला नेमका ड्यूटी बदलताना. कुणीतरी तो घेतला, नीट राहावा म्हणून टेबलाच्या खणात ठेवला आणि खण लावून घेतला. दुपारभर रिपोर्ट खणात होता आणि मुलगी खणापासून हाताच्या अंतरावर होती. संध्याकाळी तिचं हृदय थांबलं. तिच्या वडिलांनी कुणाला दोष दिला नाही. उलट जाताना सरांना हात जोडून म्हणाले की तुम्ही खूप केलं. सर मला म्हणाले होते की त्या माणसाने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून सरांनी एकच धोशा लावला. "डॉक्टर रिपोर्टाच्या मांगं धावते, हे उलटं हाये. रिपोर्टानं डॉक्टरच्या मांगं धावाले पाह्यजे." ट्रस्टच्या प्रत्येक सभेत ते हे बोलायचे आणि प्रत्येक सभेत हा विषय पुढच्या सभेवर जायचा. शेवटी पलीकडच्या तालुक्यातल्या एका दवाखान्यात संगणक आल्याचं अध्यक्षांच्या कानावर गेलं आणि आमचा विषय त्या दिवशीच मंजूर झाला.

अध्यक्ष म्हणजे अण्णासाहेब. माणूस दिलदार, भाषणाला कधीही तयार. उद्घाटनाला त्यांनी सर्व्हरच्या पेटीसमोर नारळ फोडला. पाणी पेटीच्या मागच्या बाजूला गेलं आणि उद्घाटन झालेला संगणक पुढचा आठवडाभर उन्हात वाळत पडला. अण्णासाहेबांनी भाषणात सांगितलं की आता यंत्रच पेशंट बरे करील. सर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. वाजवता वाजवता मला म्हणाले, "यंत्र बरं करत नाई. यंत्र चुगली करते. आपल्याले चुगलीखोरच पाह्यजे."

आणि यंत्राने खरंच चांगली चुगली केली. रिपोर्ट वाईट आला की तो सरांच्या मोबाइलवर जायचा, बघितल्याची खूण केल्याशिवाय थांबायचा नाही. एकमेकांशी न पटणारी दोन औषधं कुणी लिहिली की पडदा अडवायचा. सरांनी त्या निरोपासाठी सायकलच्या घंटीचा आवाज लावून घेतला होता. जेवताना, मीटिंगमध्ये, एकदा तर अण्णासाहेबांच्या नातवाच्या बारशात ऐन पाळण्याच्या वेळी घंटी वाजली आणि सर घुगऱ्या तशाच ठेवून निघाले. त्या काळात खणात राहिलेला रिपोर्ट मी एकही पाहिला नाही.

पण चुगलखोराला लाच देता येते, हे आमच्या लोकांनी लवकरच शोधून काढलं.

सिस्टरांना दर तासाला प्रत्येक पेशंटची माहिती भरावी लागायची. डोकं उंच ठेवलं का, तोंड स्वच्छ केलं का, कूस बदलली का, अशा चौकटींची रांगच्या रांग होती. संगणकाच्या कंपनीने त्याखाली सोयीसाठी एक बटण दिलं होतं, 'मागच्यासारखंच'. ते दाबलं की मागच्या तासाच्या सगळ्या चौकटी जशाच्या तशा पुढच्या तासात उतरायच्या. आमच्या आयसीयूची गुणवत्ता महिन्याभरात अशी वाढली की अण्णासाहेबांनी त्याचा फलक रस्त्यावर लावला.

एके सकाळी सर राउंडला आले. चार नंबरच्या खाटेवर कुणीच नव्हतं. तिथले पेशंट, जाम गावच्या चौकात ढाबा चालवणारे बाबाराव, आदल्या दिवशी दुपारी सुट्टी घेऊन घरी गेले होते. संगणकात त्यांची सुट्टी नोंदवायची राहिली होती. सरांनी पडद्याकडे पाहिलं आणि शांतपणे त्या रिकाम्या खाटेच्या पायथ्याशी गेले. वाकले, चादर वर केली, गादीला हात लावला.

"थंड हाये," ते म्हणाले. आम्ही सगळे मागे उभे. मग त्यांनी पडद्यावरचं वाचायला सुरुवात केली आणि त्यांचं मराठी सरळ झालं. "रुग्णाचे डोके उंच ठेवलेले आहे. मुख स्वच्छ केलेले आहे. रुग्ण सध्या डाव्या कुशीवर विसावलेला आहे. या अदृश्य गृहस्थांची आपण सर्वांनी रात्रभर जी सेवा केलीत, तिला तोड नाही." नंतर त्यांनी खिशातून मोबाइल काढला, बाबारावांना लावला आणि आवाज मोठा केला. "बाबाराव, झाडे बोलतो. सध्या डाव्या कुशीवर हाव का?"

तिकडून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. बाबाराव गोंधळून म्हणाले, "नाई सायेब. गल्ल्यावर बसून हावो."

त्याच दिवशी सरांनी मला ते बटण काढून टाकायला लावलं. वंदना सिस्टर संतापल्या. एका सिस्टरकडे चार खाटा, चारही गंभीर, त्यात तासाला एवढ्या चौकटी. "सर, बटण काढलंत, आता माणूस द्या," त्या म्हणाल्या. त्या म्हणत होत्या ते खरंच होतं. सर त्यावर भांडले नाहीत. त्या आठवड्यात रोज दुपारी ते, वंदना सिस्टर आणि मी असे तिघं बसलो आणि एकेक चौकट तपासली. सरांचा प्रश्न एकच असायचा, की ही चौकट पाहून कोणी काही करतं का. करत नसेल तर चौकट बाद. निम्म्याहून जास्त चौकटी गेल्या. जे उरलं ते सिस्टरांनी खरोखर भरलं. आमची गुणवत्ता आकड्यांत घसरली, पेशंटच्या पाठीवरच्या जखमा मात्र कमी झाल्या. फलक अण्णासाहेबांनी उतरवून ठेवला.

नंतर अण्णासाहेबांनी दुसरी टूम काढली. पारदर्शकता हा शब्द त्यांनी नागपूरच्या कुठल्याशा परिषदेत ऐकला होता. त्यासाठी आयसीयूबाहेरच्या हॉलमध्ये भिंतभर मोठा पडदा बसवला. त्यावर आठ चौकोन, प्रत्येक खाटेचा एक. हिरवा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे लक्ष हवं, लाल म्हणजे धावा. लोक त्याला पाटी म्हणू लागले.

हॉलचं रूपच पालटलं. आमच्याकडे पेशंट एक आणि पाहायला येणारी जीपभर माणसं. पूर्वी ती माणसं डॉक्टरची वाट पाहायची, आता पाटीकडे पाहत बसायची. डबे उघडून, चिवडा खात, एकमेकांच्या चौकोनाची चौकशी करत. "आमचा कालपासून हिरवा हाये. तुमचा काऊन पिवळा व्हऊन राह्यला?" पिवळेवाले ओशाळायचे. एका गृहस्थांनी तर वंदना सिस्टरना बाजूला घेऊन विचारलं होतं की पाव्हणे येणार आहेत, तेवढ्यापुरता हिरवा करता येईल का.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे शस्त्रपूजन असतं. जात्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं, तसं दवाखान्यात व्हेंटिलेटर, मॉनिटर, स्ट्रेचर सगळ्यांना लागायचं. सर हौसेने पूजा करायचे. स्ट्रेचरच्या चाकांनाही कुंकू लावायचे. त्या वर्षी लोकांनी पाटीलाही झेंडूचा हार आणला, तेव्हा मात्र त्यांनी तो घालू दिला नाही. "याची पूजा करान तं हा देव होईन," ते म्हणाले. "मंग देवाले कोनी उलट विचारत नाई." हार त्यांनी चहावाल्याच्या स्टोव्हला घातला.

ज्याची भीती होती तेच झालं. त्या हिवाळ्यात दवाखान्याला गुणवत्तेचं प्रमाणपत्र द्यायला बाहेरून एक समिती येणार होती. अण्णासाहेबांनी प्रमाणपत्राची चौकट आधीच करून भिंतीवर रिकामी टांगली होती. पाटीवर लाल दिसलेलं त्यांना खपेना. त्यांनी कंपनीच्या गृहस्थांना बोलावलं. ते म्हणाले की उगाच वाजणाऱ्या घंट्यांनी सिस्टरांचे कान मरतात, म्हणून लाल कधी व्हायचं याच्या मर्यादा थोड्या सैल कराव्यात. यात तथ्य होतं. सर हे काम आधीपासून करतच होते, पण एकेका पेशंटजवळ उभं राहून, ज्याचं बीपी मुळातच कमी असतं त्याची मर्यादा वेगळी, दुसऱ्याची वेगळी. कंपनीच्या गृहस्थांनी ते आठही खाटांसाठी एका दमात केलं. इतकं सैल केलं की त्या मर्यादेच्या खाली गेलेला माणूस परत येणं अवघडच. मी त्या दिवसांत बहिणीकडच्या लग्नासाठी पुलगावला होतो आणि सरांना कुणी काही सांगितलं नाही. परतलो तेव्हा पाटी हिरवीगार होती. मला वाटलं, पेशंट बरे आहेत.

सहा नंबरला शांताबाई उईके होत्या. आष्टीच्या पलीकडून, जंगलाला लागून असलेल्या वस्तीतून त्यांना आणलं होतं. लघवीच्या जागेचा जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. दोन दिवसांत त्यांना उतार पडला, त्या बोलायला लागल्या. त्यांचे यजमान दौलत उईके सगळा वेळ हॉलमध्ये पाटीखाली उकिडवे बसून असायचे. अक्षरओळख जेमतेम, पण रंग कळायचा. त्या सकाळी सहा नंबर हिरवा पाहून ते आल्यापासून पहिल्यांदा बाहेर चहा प्यायला गेले.

सर राउंडला आले. वंदना सिस्टर दुसऱ्या खाटेशी अडकल्या होत्या. सर सवयीने सहा नंबरच्या पायथ्याशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. अंगठा गार होता. हात वर सरकवला तर घोट्यापर्यंत गार. नख दाबून सोडलं, रंग परत येईना. शांताबाई डोळे मिटून पडल्या होत्या आणि झोपल्या आहेत असं सगळ्यांना वाटत होतं. सरांनी मान वर करून मॉनिटर पाहिला. बीपीचा आकडा पार खाली होता आणि तो आकडा हिरव्या रंगात होता.

आकडा खरा होता, रंग खोटा होता. आणि आम्ही सगळेच आकडा वाचायचं सोडून रंग वाचायला शिकलो होतो.

पुढचा तास आयसीयूत धावपळ चालली. सलाइन, बीपी वर आणायची औषधं, प्रतिजैविक बदललं, नागपूरला फोन झाले. सर सगळा वेळ वऱ्हाडीत बोलत होते, शांताबाईंच्या कानाशी वाकून, "माय, डोळे उघडा, जरा इकडे पाहा." दुपार कलली तेव्हा बीपी सावरलं. सर स्टूल घेऊन खाटेच्या पायथ्याशी बसून होते, हात चादरीच्या आत. अंगठा कोमट झाला तेव्हा उठले.

ते बाहेर आले तेव्हा दौलत उईके दारातच उभे होते. चहा पिऊन परतल्यापासून ते काचेतून पाहत होते. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. त्यांनी पाटीकडे बोट केलं. "सायेब, मी पाहूनच गेलतो. पाटीवर तं हिरवं होतं ना?"

सरांनी पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो बाबा. आमची पाटी तुमच्यासंगं खोटं बोलली."

तिथून ते सरळ माझ्या खोलीत आले. मला म्हणाले, "सहा नंबरच्या मर्यादा कोणी बदलल्या, हे आपण मला सांगू शकाल काय?" त्यांनी मला 'आपण' म्हटलं तसा मी मुकाट नोंदी उघडल्या. संगणकात सगळी नोंद होती: बदल कंपनीचे, अध्यक्षांच्या सूचनेवरून. सरांनी ते वाचलं आणि मला घेऊन आयसीयूत निघाले. आम्ही पुन्हा एकेका खाटेजवळ गेलो, एकेक मर्यादा पूर्ववत केली. शिवाय त्यांनी एक कडी घालून घेतली. यापुढे मर्यादा बदलायची असेल तर विभागप्रमुखाच्या, म्हणजे सरांच्या, मोबाइलवर विचारणा जाईल आणि त्याने हो म्हटल्याशिवाय काही बदलणार नाही. पाटीवर लगेच दोन चौकोन लाल झाले. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली आणि आत सिस्टर धावल्या, जे व्हायला हवं होतं तेच.

अण्णासाहेबांनी सरांना बोलावलं. मी कागदपत्रं घेऊन तिथेच उभा होतो. अण्णासाहेब आधी गोडीत बोलले, मग दवाखान्याच्या इभ्रतीवर आले, मग वडिलांच्या नावावर. शेवटी म्हणाले की समिती येईल तो एक दिवस तरी मर्यादा सैल ठेवा, एका दिवसाने काय बिघडतं. ऐकायचं नसेल तर तुमच्या खुर्चीचा विचार करावा लागेल, हेही त्यांनी हसतच सांगितलं.

सर खुर्चीवरून उठले. "त्या एका दिवशी इथे कोणीही मरणार नाही, असा ठराव आपण कार्यकारिणीत मंजूर करून घ्यावा. मर्यादा मी त्याच क्षणी बदलतो."

समिती आली. गुलाबपाणी, रांगोळी, सिस्टरांना नवे गणवेश, सगळं झालं. हॉलमध्ये पाटीसमोर समितीच्या बाई थांबल्या. तीन चौकोन लाल, एक पिवळा. अण्णासाहेब पाटी आणि बाईंच्या मध्ये उभं राहायचा प्रयत्न करत होते, पण पाटी भिंतभर होती. बाईंनी विचारलं, एवढं लाल का. सर म्हणाले, "रुग्ण गंभीर आहेत म्हणून. याला अतिदक्षता विभाग म्हणतात. सगळे हिरवे पाहायचे असेल तर रस्त्यापलीकडे धर्मशाळा आहे." बाई जराशा हसल्या असं मला वाटलं. पण समितीचं मत असं पडलं की विभागातील रंगस्थिती समाधानकारक नाही. प्रमाणपत्र लांबणीवर पडलं आणि भिंतीवरची रिकामी चौकट तशीच राहिली. शांताबाई त्याच आठवड्यात चालत घरी गेल्या. त्यांच्या घरी जाण्याची चौकट समितीच्या कागदात कुठे नव्हती.

आमच्याकडे माणसाला काढायचं असलं की आधी त्याला शाल घालतात. महिनाभरात सरांचा सत्कार ठरला. पत्रिका छापल्या. पत्रिका हातात पडल्यावरच सरांना कळलं की ते निवृत्त होत आहेत. सभागृह भरलं होतं. दौलत उईके मोहाच्या फुलांची पुरचुंडी घेऊन शेवटच्या रांगेत बसले होते. अण्णासाहेबांनी भाषणात सरांच्या कार्याचा असा गौरव केला की इतक्या थोर माणसाला आपण का घालवतोय हे कुणालाच कळेना. सरांना आता विश्रांतीची गरज आहे, असं ते तीनदा म्हणाले. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता. आता सर पुस्तकी मराठी काढणार आणि सभा गाजणार, या आशेवर आम्ही सगळे बसलो होतो. सर उठले, शाल चाचपून पाहिली आणि म्हणाले, "शाल चांगली देल्ली. माहे पाय गार पडले का कामी येईन." एवढं बोलून बसले. ते चिडलेले नव्हते, आणि म्हणूनच आम्हाला जास्त लागलं. वंदना सिस्टर पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

सर आष्टीला राहायला गेले, पण संगणकातून सर जाईनात. विभागप्रमुखाला वगळायचं तर त्यासाठी विभागप्रमुखाचीच मंजुरी लागायची, आणि ती विचारणा सरांच्याच मोबाइलवर जायची. कंपनी म्हणाली की ही अडचण पुढच्या आवृत्तीत दूर होईल. पुढची आवृत्ती अजून आलेली नाही. अण्णासाहेबांनी मर्यादा सैल करायचा हुकूम पुन्हा दिला, मी हुकमाप्रमाणे बटण दाबलं आणि आष्टीला सायकलची घंटी वाजली. तिकडून 'नाही' आलं. तो हुकूम मग अण्णासाहेबांनी मागे घेतला.

आणि लाल झालेल्या खाटेचा निरोपही सरांना जातच राहिला. खाटेचा नंबर आणि रंग, एवढंच त्यात असायचं. नवे डॉक्टर सज्जन होते, नागपूरहून यायचे. त्यांनाही निरोप जायचा, पण आयसीयूतला फोन पहिला वाजायचा तो आष्टीहून. त्या फोनची वंदना सिस्टरपासून सगळ्यांना धास्ती होती आणि त्या धास्तीपायी कुणी घंटी नुसती बंद करून पुढे जात नसे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते आष्टीच्या बाजारात. आमच्या दवाखान्याचं तिथे शिबिर होतं, त्याचा संगणक बिघडला म्हणून गेलो होतो. सरांनी गावातच, घराच्या पुढच्या खोलीत दवाखाना थाटला होता. बाजाराच्या दिवशी मात्र दवाखाना बंद आणि सर पिशवी घेऊन बाजारात. वांगीवालीशी भाव करत होते. मला पाहून म्हणाले, "या बटनवाले. पोहे खाल्ले का नाई?"

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. समोरून येणारा एक म्हातारा सायकलला वाट द्यायला बाजूला झाला आणि सायकल कुठेच नाही म्हणून इकडेतिकडे पाहू लागला. सरांनी पिशवी खाली ठेवली, मोबाइल पाहिला, फोन लावला. आवाज खाली आला. "मी झाडे. चार क्रमांकाची खाट लाल झालेली आहे. आपण कृपया तिथे जावे." फोन बंद केला आणि तिथेच उभे राहिले. बायका त्यांना वळसा घालून जात होत्या. वांगीवाली वांगी तोलून थांबली होती. थोड्या वेळाने पुन्हा घंटी वाजली. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. चार नंबर, हिरवा.

मला वाटलं, झालं. सरांनी परत फोन लावला. "हिरवे झाले, हे मला दिसले. आपण पाय पाहिलात काय?"

 मग फोन कुठेतरी टेकवून ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला. सर मोबाइल कानाला लावून उभे होते, डोळे मिटलेले, मोकळा हात पुढे धरलेला, बोटं किंचित वाकलेली, जणू तो पाय त्यांच्याच हातात होता. बाजार चालूच होता. मग पलीकडून वंदना सिस्टरचा आवाज आला, "गरम आहे, सर. दोन्ही गरम."

सरांनी डोळे उघडले. "मंग ठीक हाये," ते म्हणाले. "बसा आता, चहा घ्या." आणि पिशवी उचलून वांगीवालीला म्हणाले, "काय व माय, भाव काऊन वाढवून राह्यली?"